ऐकणाऱ्याची विद्या : कौटुंबिक समुपदेशनाच्या अभ्यासाला प्रस्तावना

घरातलं भांडण मिटवायला आपल्याकडे माणसांची वाण कधीच नव्हती. मुलगी माहेरी येऊन बसली की मामा निघायचा, लग्न जमवणारे मध्यस्थ निघायचे, पोलीस पाटील किंवा शाळेतले सर चार शब्द सांगायचे. ओसरीवर बैठक बसायची, चहा व्हायचा, दोन्हीकडची उणीदुणी निघायची आणि रात्र होईतो ‘झालं गेलं विसरा’वर गोष्ट यायची. निफाडच्या मळ्यात, पंचवटीतल्या वाड्यात, सिडकोच्या घरांत ही रीत अजून चालते. तिने कितीतरी घरं सावरली आहेत आणि मी तिला कमी लेखत नाही. पण बैठकीला बसलेल्या प्रत्येकाचं त्या निकालात काही ना काही अडकलेलं असतं. मामाला धाकट्या भाचीचं लग्न उरकायचं असतं. मध्यस्थाला आपला शब्द राखायचा असतो. वडिलांना भावकीत मान खाली घालायची नसते. जिचा संसार आहे तिला काय वाटतं हे विचारायला मोकळा असा एकही माणूस त्या बैठकीत उरत नाही. समुपदेशन त्या रिकाम्या जागेसाठी आहे. तुम्ही एकत्र राहिलात काय किंवा वेगळे झालात काय, ज्याचं स्वतःचं त्यात काही जात नाही, आणि तरीही ज्याला तुमची काळजी आहे, असा माणूस तिथे बसतो. तो काय करतो, कसा शिकतो आणि कुठे थांबतो, एवढाच या पुस्तकाचा विषय.

पुस्तक लिहिताना डोळ्यांसमोर दोन प्रकारचे वाचक होते. एक, समाजकार्य किंवा मानसशास्त्र शिकणारे विद्यार्थी, मुक्त विद्यापीठातून नोकरी सांभाळून अभ्यास करणारे, अंगणवाडी सेविका, शिक्षक, पोलीस ठाण्यात तक्रार लिहून घेणाऱ्या महिला कर्मचारी. दुसरे, ज्यांच्या स्वतःच्या घरात काही बिनसलं आहे आणि कुणाकडे जावं की जाऊ नये अशा विचारात जे आहेत ते. दोघांसाठी वेगळी पुस्तकं हवीत, असं मला सुचवण्यात आलं होतं. मला ते पटलं नाही. समुपदेशकाने जे जाणलं पाहिजे ते त्याच्यासमोर बसणाऱ्यालाही माहीत असलेलं बरं. तिथे झाकून ठेवण्यासारखं गुपित काही नाही.

ही विद्या बाहेरून आली, शहरातल्या पैसेवाल्यांसाठी आहे, असा एक समज आपल्याकडे घट्ट बसला आहे. इतिहास तसं सांगत नाही. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं आणि १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं. नवराबायकोंच्या ज्या अडचणी आईबापांपुढे, वैद्यापुढे किंवा मित्रापुढेही बोलता येत नसत, त्या वाचक या मासिकाला कळवत आणि कर्वे त्यांना न लाजता, न रागावता उत्तर देत. कर्व्यांना त्यापायी खटले सोसावे लागले. मुंबईत १९३६ मध्ये समाजकार्याचं शिक्षण देणारी जी संस्था उभी राहिली, आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था, तिने पुढच्याच वर्षी मुलांसाठी मार्गदर्शन केंद्र काढलं. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सचं समुपदेशनावरचं पायाभूत पुस्तक अमेरिकेत निघालं १९४२ मध्ये. म्हणजे तिकडे या शास्त्राची घडी बसत होती तेव्हा मुंबईतही त्याची सुरुवात झालेली होती.

पुढची मोठी पावलं बायकांनी टाकली. पुण्यात १९८२ मध्ये नारी समता मंच उभा राहिला तो तरुण विवाहितांच्या मृत्यूंनी हादरलेल्या वातावरणात. त्या कामातून ‘बोलते व्हा’ हे केंद्र निघालं, कारण मंचाच्या कार्यकर्त्यांना भेटणाऱ्या बायकांना न्याय हवा होताच, पण त्याआधी त्यांना कुणाशी तरी बोलायचं होतं. मंच उभारणाऱ्यांतल्या विद्या बाळ यांनी हे काम पुढे ‘मिळून साऱ्याजणी’ या मासिकाच्या पानांवरही चालू ठेवलं. १९८४ मध्ये टाटा संस्थेने मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलिसांच्या छपराखाली बसणाऱ्या, पण पोलीस नसलेल्या समाजकार्यकर्तीची ही कल्पना नंतर राज्यभर गेली. त्याच वर्षी संसदेने कुटुंब न्यायालयांचा कायदा केला आणि १९८९ मध्ये पुण्यात व मुंबईत अशी न्यायालयं प्रत्यक्षात आली; आज नाशिकमध्येही असं न्यायालय आहे. या कायद्यात वकील हा पक्षकाराचा हक्क धरलेला नाही, तडजोडीचा प्रयत्न हे न्यायालयाचं कर्तव्य मानलं आहे, आणि महाराष्ट्रात तर विवाह समुपदेशक हे न्यायालयाच्या रचनेतलं कायमचं पद आहे. समुपदेशकापुढे झालेलं बोलणं पुरावा म्हणून वापरता येत नाही. न्यायालयात येणाऱ्या कित्येक जोडप्यांना हे ठाऊक नसतं आणि ती समुपदेशकाच्या खोलीतही साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहिल्यासारखी तोलून मापून बोलतात.

ज्ञानाच्या अंगाने पाहिलं तर एक नाव वगळताच येणार नाही. किशोर फडके या मराठी मानसशास्त्रज्ञाने विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचा जनक असलेल्या न्यूयॉर्कच्या अल्बर्ट एलिसशी कित्येक वर्षं पत्रव्यवहार केला. एलिसच्या उपचारपद्धतीवर प्रश्न उपस्थित केले, दुरुस्त्या सुचवल्या आणि ती पद्धत भारतात शिकवली. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात मानसिक आरोग्यासाठी संस्था काढून, नाटक-व्याख्यानं-पुस्तकं यांतून हीच विवेकनिष्ठ विचारपद्धती घराघरांत नेली. डॉ. अंजली जोशींनी ‘मी अल्बर्ट एलिस’ ही कादंबरी लिहिली. एखाद्या उपचारपद्धतीच्या जनकावर कादंबरी वाचणारा समाज त्या विद्येला परका कसा म्हणायचा?

आता समुपदेशकाच्या खोलीत काय होतं ते पाहू. खालचं घर खरं नाही. कुणाची ओळख पटू नये म्हणून अनेक घरांतल्या गोष्टी घेऊन ते रचलं आहे. त्यातला एकेक धागा मात्र नाशिक जिल्ह्यात काम करणाऱ्या कुणालाही ओळखीचा वाटेल.

निफाडकडचं द्राक्षबागाईतदार कुटुंब. सून पदवीधर, लग्नाला पाच वर्षं, एक मुलगी. सासूचं म्हणणं, ही सारखी फोनवर, माहेरी घरातलं सगळं सांगते. सुनेचं म्हणणं, हे माझ्याशी बोलतच नाहीत, मग मी बोलू कुणाशी? एका रात्री नवऱ्याने मोबाइल हिसकावून भिंतीवर आपटला. दुसऱ्या दिवशी ती मुलीला घेऊन माहेरी गेली. दोनदा बैठक झाली, दोन्ही वेळा चूक कुणाची यावरच मोडली.

समुपदेशक आधी दोघांना वेगवेगळं भेटते. सुनेला ती थेट विचारते, मारहाण होते का, घरी परतायची भीती वाटते का. हे नवऱ्यासमोर विचारलं तर खरं उत्तर येत नाही, आणि हे न विचारता दोघांना एकत्र बसवणं धोक्याचं असतं. इथे मारहाण नव्हती. मग दोघांना समोर बसवून ती म्हणते, ‘‘चूक कुणाची ते राहू द्या. फोन आपटला त्या दिवशी सकाळी उठल्यापासून काय काय झालं, तेवढं क्रमाने सांगा.’’

प्रश्न साधा दिसतो, पण त्यामागे अभ्यास आहे. ‘चूक कुणाची’ म्हटलं की माणूस पाठ झालेलं भाषण करतो. बैठकीत, वकिलाकडे, नातेवाइकांत ते शंभरदा करून झालेलं असतं. क्रम विचारला की त्याला आठवावं लागतं. आठवता आठवता कळलं की आदल्या रात्री अवकाळी पाऊस झाला होता. डावणी रोगाच्या भीतीने नवरा पहाटे तीनला फवारणीचा ब्लोअर घेऊन बागेत गेला, दहाला परतला. चहा देताना बायकोने मुलीच्या शाळेच्या फीचं विचारलं. तो कप तसाच ठेवून उठून गेला. तिने आईला फोन लावला, ‘‘विचारलं तर उत्तरसुद्धा देत नाहीत.’’ ते सासूने ऐकलं आणि संध्याकाळी जेवताना मुलाच्या कानावर घातलं.

‘‘फीचं विचारलं तेव्हा तुमच्या मनात काय आलं, दादा?’’

बराच वेळ तो बोलला नाही. मग म्हणाला, ‘‘व्यापाऱ्याचा चेक परत आला होता.’’ माल परराज्यात गेला, व्यापाऱ्याचा फोन बंद. घरात कुणालाच माहीत नव्हतं, वडिलांनाही नाही. बायको त्याच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, ‘‘मला सांगितलं असतं तर मी काय तुम्हाला खाल्लं असतं का?’’

इथे टाळ्या वाजवून पडदा पाडायचा मोह होतो. पण काम इथून पुढे सुरू होतं. एलिसच्या पद्धतीत घटना, तिच्याविषयीची आपली धारणा आणि त्यातून येणारी भावना या तीन गोष्टी सुट्या करून बघतात. चेक परत आला ही घटना. ‘बायकोला सांगणं म्हणजे पुरुष म्हणून हरणं’ ही धारणा. कप ठेवून उठून जायला लावणारा संताप आणि लाज ही त्यातून आलेली भावना. तिच्या बाजूनेही तेच: तो गप्प, म्हणजे मी त्याला नकोशी, ही तिची धारणा. पुढच्या भेटींत या धारणा तपासल्या गेल्या. खरंच हरणं आहे का? कुणी सांगितलं? सांगितल्यावर काय झालं? रॉजर्सने सांगितलेली समजून घेण्याची, न जोखता स्वीकारण्याची वृत्ती इथेच लागते, कारण जोखलं जाईल असं वाटलं की माणूस धारणा बाहेर काढतच नाही. तिसरा धागा कुटुंबाकडे एक सबंध रचना म्हणून बघणाऱ्यांचा: दोघांतला ताण असह्य झाला की तिसऱ्या माणसाला मध्ये ओढलं जातं. इथे सासू आणि माहेरची आई दोघी त्या तिसऱ्या जागी होत्या.

शेवट काय झाला? सून परत आली. बागेचा हिशेब ती लिहू लागली. स्वयंपाक वेगळा करायचा असं दोघांनी ठरवलं, त्याच अंगणात वेगळी चूल मांडली, आणि सासू पुढे बरेच महिने तिच्याशी बोलली नाही. समुपदेशकाला वेगळी चूल बरी वाटली की वाईट, हे तिला कुणी विचारलं नाही आणि तिने सांगितलंही नाही.

याने खरंच फरक पडतो का, हा प्रश्न विद्यार्थ्याने विचारलाच पाहिजे. आपल्या शेजारी गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेने त्याचं उत्तर फार काटेकोरपणे शोधलं. प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, तीव्र नैराश्य असलेल्या सुमारे पाचशे प्रौढांवर हा अभ्यास झाला. त्यांतल्या निम्म्यांना नेहमीच्या उपचाराबरोबर सहा ते आठ समुपदेशन भेटी मिळाल्या. समुपदेशक मानसशास्त्राचे पदवीधर नव्हते. स्थानिक माणसं होती, त्यांना प्रशिक्षण देऊन तयार केलं होतं. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते, इतरांपैकी ३९ टक्के. समुपदेशन मिळालेल्या स्त्रियांना नवऱ्याकडून होणारी मारहाणही कमी झाल्याचं दिसलं. हा अभ्यास २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. पद्धतही समजायला सोपी आहे: नैराश्यात माणूस एकेक काम सोडत जातो, सोडल्याने आणखी खचतो, म्हणून त्याच्याबरोबर बसून त्याला पूर्वी बरं वाटायचं असं एखादं काम पुन्हा सुरू करायचं, आठवड्याने काय झालं ते बघायचं. विदर्भात अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत गावातल्याच कार्यकर्त्यांकरवी असंच काम झालं, तेव्हा नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. शेतीच्या संकटाने पोळलेल्या मुलखातली ही गोष्ट आहे. मदत जवळ आणि ओळखीच्या भाषेत असली तर लोक येतात.

नाशिकमध्ये काम करताना एक गोष्ट टाळता येत नाही: त्र्यंबकेश्वर. लग्न टिकत नाही, मूल होत नाही, घरात शांतता नाही म्हणून दूरदूरची कुटुंबं तिथे येऊन कालसर्प शांत करतात, तीन दिवसांची नारायण नागबळी करतात. सप्तशृंगीच्या गडावर नवस बोलायला येणाऱ्या बायका आहेत, दर्गे आहेत, देवऋषी आहेत. समुपदेशकाने पहिल्या भेटीत ‘आजवर काय काय करून झालं?’ हे आदराने विचारावं आणि ऐकताना चेहऱ्यावर तुच्छता येऊ देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. एक तर त्या उत्तरात घराच्या दुःखाचा सगळा नकाशा असतो: कोण पुढाकार घेतं, पैसे कुणी भरले, दोष कुणाच्या पत्रिकेत काढला गेला. दुसरं, दोष आपला नसून ग्रहाचा आहे हे ऐकून कित्येक जोडप्यांना पहिल्यांदा एकमेकांकडे न रागावता बघता येतं. मात्र जिथे विधीच्या नावाखाली आजारी माणसाची गोळ्या-औषधं बंद होतात, बाईला अंगात येतं म्हणून मारलं जातं, तिथे आदर संपतो आणि २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा लागू होतो.

मर्यादांबद्दल सविस्तर लिहिलं पाहिजे, कारण या विद्येचं सर्वांत मोठं नुकसान तिच्या भलत्या वापराने झालं आहे. मारहाण हा ‘दोघांतला बेबनाव’ नसतो. ज्या घरात एक जण मारतो आणि दुसरी भिते, तिथे दोघांनी थोडं थोडं समजून घ्या असं म्हणणं म्हणजे मारणाऱ्याच्या बाजूने उभं राहणं. अशा वेळी आधी सुरक्षितता, मग कायदा. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा २००५ चा कायदा ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे आणि त्यात संरक्षण अधिकाऱ्यापासून निवाऱ्यापर्यंत तरतुदी आहेत. समुपदेशन त्या बाईला बळ देण्यासाठी जरूर असावं, तिला परत धाडण्यासाठी नसावं. म्हणूनच ‘वर्षभरात इतके संसार पुन्हा जुळवले’ अशा बातम्या वाचल्या की मला अस्वस्थ वाटतं. जुळलेल्या संसारांच्या आकड्याने समुपदेशकाचं काम मोजलं, की ऐकण्याऐवजी तो जुळवण्याच्या मागे लागतो आणि बैठकीतल्या मामासारखं त्याचंही काहीतरी त्या निकालात अडकतं.

दुसरी मर्यादा नाशिकने फार कटू रीतीने पाहिली. जून २०१३ मध्ये या शहरात एका गरोदर तरुणीला तिच्या वडिलांनी ठार मारलं. तिने जातीबाहेर लग्न केलं होतं. त्या घटनेमागचा जातपंचायतीचा दबाव पुढे आला आणि महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतींच्या मनमानीविरुद्धची मोहीम नाशिकमधूनच उभी केली. तिची परिणती सामाजिक बहिष्काराविरुद्धच्या कायद्यात झाली. तो २०१७ मध्ये लागू झाला. नात्यातला ताण पुष्कळदा खोलीत बसलेल्या दोघांचा नसतोच. दाराबाहेर जात, भावकी, जमीन, कर्ज उभं असतं. वडिलांनाही वाळीत पडण्याची भीती असते, आणि ती खरी असते. समुपदेशक तिथे एकटा काही करू शकत नाही, पण धोका ओळखून पोलीस, वकील आणि संघटना यांना वेळेत हाक मारणं हे त्याचंच काम आहे.

तिसरी मर्यादा आजाराची. झोप उडालेली, जीव नकोसा झालेला, भास होणारा माणूस समोर आला तर मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवायला एक दिवसही लावू नये. ‘टेलिमानस’ची १४४१६ ही सरकारी दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, हा क्रमांक प्रत्येक समुपदेशकाला आणि प्रत्येक शिक्षकाला तोंडपाठ हवा. आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला गुन्हेगार धरण्याची जुनी रीतही मागे पडली आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरायला सांगितलं आहे. ‘पोलीस केस होईल’ म्हणून दवाखान्यात न नेणाऱ्या घरांना हे समजावून सांगावं लागतं.

जे स्वतःसाठी मदत शोधत आहेत त्यांना एक व्यवहाराची सूचना. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते; समुपदेशकाच्या पाटीला मात्र आपल्याकडे बराच काळ कसलीच अट नव्हती, आणि आरोग्यसेवेतल्या संलग्न व्यवसायांसाठीच्या २०२१ च्या कायद्याने ही घडी बसवायला नुकती सुरुवात झाली आहे. म्हणून पहिल्याच भेटीत न संकोचता विचारा: तुमचं शिक्षण काय, आमचं बोलणं कुणाकुणाला कळेल, साधारण किती भेटी लागतील, फी किती, आणि तुम्हाला अडलं तर तुम्ही कुणाला विचारता? शेवटच्या प्रश्नाला जो चिडेल त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका. चांगल्या समुपदेशकाला कुणीतरी ज्येष्ठ असतो आणि तो ते आनंदाने सांगतो. खासगी सेवा परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालय आणि पोलिसांचा भरोसा सेल इथे फी लागत नाही. रांग असेल, खोली लहान असेल, पण विचारायला कचरू नका.

विद्यार्थ्यांना मात्र वेगळं सांगायचं आहे. निमहान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या मानसिक आजारांसाठी उपचार न मिळणाऱ्यांचं प्रमाण ७० ते ९२ टक्के आढळलं; सर्वेक्षण झालेल्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. आपल्या जिल्ह्याबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे ते बरंचसं काम करणाऱ्यांच्या वह्यांत पडून आहे. पेठ-सुरगाण्यातून द्राक्षाच्या हंगामात खाली उतरणाऱ्या मजूर जोडप्यांच्या संसाराला सहा महिने तंबूत राहून काय होतं? मालेगावात यंत्रमागावर रात्रपाळी करणारा बाप आणि दिवसा शाळेत जाणारा मुलगा एकमेकांना किती भेटतात, आणि उर्दूत बोलणाऱ्या त्या घरांत काजींकडे जाणारी तक्रार समुपदेशकाकडे कधी येते? सातपूर-अंबडला कंत्राटावर लागलेल्या मुलाचं लग्न नोकरी कायम नाही म्हणून अडतं, त्या घरात चाळिशीपर्यंत काय साठत जातं? या प्रश्नांवर मराठीत लिहिलेलं मला फारसं सापडलं नाही. या पुस्तकातली प्रकरणं वाचून झाली की ओळख पुसून, परवानगी घेऊन, आपापल्या नोंदी लिहायला घ्या. पुढच्या आवृत्तीसाठी त्या पाठवा. त्यांच्यासाठी शेवटचं प्रकरण मोकळं ठेवलं आहे.